डब्याच्या पोटाखाली

१८ फेब्रुवारी

वही नवी आहे, पण मन मोकळं करण्यासाठी आणलेली नाही. डब्याच्या दुरुस्तीत कुठला बोल्ट कुठं मारला, कुठली पट्टी कधी बदलली, याची नोंद राहावी म्हणून आणली. पार्सल खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला नोंदीशिवाय काम सुचत नाही. बाकीचं काही लिहिलं गेलं तर तो वहीचा दोष.

डबा म्हणजे आमचं चाकांवरचं घर. गाडीच्या मागं जोडायचं आणि ओढत न्यायचं. आत समोरासमोर दोन बाक, एक छोटा ओटा, ओट्याखाली पाण्याची टाकी आणि मागच्या भिंतीला मुलींचा आडवा पलंग. थोरली चार वर्षांची होती नि धाकटी पोटात, तेव्हा एका म्हाताऱ्या बेकरीवाल्याकडून घेतला. त्यानंतरच्या आमच्या सगळ्या सुट्ट्या त्यातच गेल्या. गेली बारा वर्षं तो मागच्या अंगणात उभा आहे आणि हिच्या जुन्या चादरी, रिकाम्या बरण्या सांभाळतो आहे.

आज धाकटी हातात पत्र घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, डबा अजून चालेल का हो?"

नद्यांचं पाणी मोजणाऱ्या खात्यात तिला नेमणूक मिळाली आहे. तीन महिने एका नदीवर, तीन महिने दुसरीवर. राहायची सोय ज्याची त्यानं करायची. एक एप्रिलला हजर व्हायचं, नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाला जागा. पत्र तिनं उभ्यानंच वाचून दाखवलं. नवरा सोडून घरी आली त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षांत तिनं स्वतःहून काही मागितल्याचं मला आठवत नाही.

"न चालायला काय झालंय?" मी म्हणालो आणि ऐटीत टॉर्च घेऊन डब्याखाली शिरलो. दाराजवळ पत्र्याच्या फटीतून तळाला स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. तो मुठीपर्यंत आत गेला. वरून हिचा आवाज आला, "अहो, माझ्या पायाशी हे काय उगवलं?"

तळ कुजला आहे. हातात चाळीस दिवस आहेत.

२० फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून चार लोखंडी घोडे आणले. डबा जॅकनं उचलून त्यांच्यावर बसवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर जो खाली शिरतो त्याला मी शहाणा म्हणत नाही. धाकटीनं हालवून हालवून पाहिलं. अगदी माझी सवय.

तळाखालचा पातळ पत्रा काढला तर उंदरांचं घरटं थेट माझ्या छातीवर पडलं. प्लायचा भुसा, कागदाचे कपटे आणि भरपूर लोकर. किरमिजी रंगाची. त्यात एक लाकडी बटण.

ही ते बटण हातात घेऊन पायरीवर बसली. तो तिचा स्वेटर होता. एकोणीस वर्षांपूर्वी तळ्यावरच्या सुट्टीत हरवला होता. तेव्हा हिची जाऊ बरोबर होती आणि तिला तो स्वेटर फार आवडला होता, एवढ्या पुराव्यावर हिनं मनात खटला चालवून निकालही देऊन टाकला होता. तेव्हापासून दोघींचं बोलणं म्हणजे "काय, बऱ्या ना?" आणि "हो, बऱ्या" एवढंच.

२१ फेब्रुवारी

हिनं सकाळी जावेला फोन केला. मी खाली पत्रा कापत होतो तरी सगळं ऐकू आलं.

"अगं, तो किरमिजी स्वेटर सापडला. उंदरानं नेला होता... नाही, म्हणजे मी तुझ्यावर कधीच... हो, आला होता संशय. एकोणीस वर्षं आला होता."

पलीकडून हसण्याचा आवाज इतका मोठा आला की तो अंगणापर्यंत पोचला. नंतर तासभर दोघी बोलत होत्या. दुपारचं जेवण दीड तास उशिरा मिळालं. तक्रार नाही.

२५ फेब्रुवारी

डब्याचा सांगाडा साधा आहे. पुढून मागं जाणाऱ्या दोन लांब लोखंडी तुळया, त्यांना जोडणाऱ्या आठ आडव्या पट्ट्या आणि वर प्लायचा तळ. तारेच्या ब्रशनं सगळं खरवडलं. उताणं पडून डोळ्यांवर गंज पाडून घ्यायचा, यापरता वेगळा व्यायाम नको. आठांपैकी तीन पट्ट्या गेल्या आहेत. पाण्याच्या टाकीखालची तर बोटानं मोडली.

ती का गेली ते मला पक्कं ठाऊक आहे. धाकटी सात वर्षांची होती तेव्हा तळ्यावर तीन दिवस पाऊस लागला होता. बाहेर पाय ठेवता येईना. टाकी गळायला लागली, मी खाली एक पातेलं लावलं आणि विसरून गेलो. कारण आम्ही पत्ते खेळत होतो. थोरली लबाडी करायची, धाकटी ती पकडायची आणि ही दोघींना पाठीशी घालून मला हरवायची. पातेलं भरून वाहिलं, पाणी तळात मुरलं आणि आमचं हसणं काही थांबलं नाही. ते तीन दिवस कुणी परत देणार असेल तर उरलेल्या पाच पट्ट्याही मी आनंदानं गंजू देईन.

ही डोकावून म्हणाली, "एकटेच काय हसताय खाली?"

२८ फेब्रुवारी

वेल्डर आला. चाळिशीचा आहे, काळा चष्मा कायम कपाळावर. बोलतो कमी, म्हणून त्याचं काम मला आवडतं. तिन्ही पट्ट्या नव्या जोडल्या, गाडीला जोडायचा पुढचा त्रिकोण तडकला होता तोही सांधला. मग उरलेल्या पाच पट्ट्या हातोडीनं वाजवून पाहिल्या, कान लावून.

"ठणठणीत आहेत काका. आता तळ घाला, रंग मारा. दहा वर्षं खाली बघायला नको."

चाळीस वर्षांचा डबा आणि हा म्हणतो ठणठणीत. पोरगी एकटी घाट ओलांडून जाणार आहे, याचं काय जातंय.

४ मार्च

नवा तळ बसला. धाकटीनं माझ्याबरोबर मापं घेतली, प्लाय कापला, कडांना दोनदा रंग पाजला. मी एक स्क्रू पिळेपर्यंत तिचे तीन होतात. पूर्वी तिची बोटं चित्रं काढणारी होती, मग सहा वर्षं कशातच नव्हती, आता पुन्हा चालायला लागली आहेत. बघून बरं वाटलं.

"बाबा, बारा तारखेला एकदा ओढून बघू या ना. म्हणजे मला सामान लावायला सवड मिळेल."

"बघू," मी म्हणालो.

जेवून पुन्हा खाली शिरलो तर चौथ्या पट्टीवर बारीक तडा दिसला. धाकटीला बोलावलं. तिनं नखानं खरवडून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, ही रंगाची रेघ आहे."

रेघ असेल. पण आज रेघ आहे ती उद्या तडा होते. माळ्यावर पार्सल खात्याच्या जुन्या मांडण्यांचे भोकाभोकांचे अँगल पडले आहेत. कचेरी नव्या इमारतीत गेली तेव्हा मी ते उचलून आणले होते आणि गेली किती वर्षं ही विचारते आहे, कशाला? आता मिळेल उत्तर.

७ मार्च

चौथ्या आणि पाचव्या पट्टीला अँगल लावले. एकेरी नाही, दोन-दोन, पाठीला पाठ लावून. प्रत्येक भोकात बोल्ट, दोन्हीकडं वायसर, वर डबल नट.

खात्यात माझी ख्याती होती. बाकीचे पार्सलला चार गाठी मारत, मी पाच मारायचो. फुटक्या पार्सलची तक्रार माझ्या खिडकीवर एकदाही आली नाही. साहेब म्हणायचे, "यांचं पार्सल घेणाऱ्यालाही उघडता येत नाही!" मी ते कौतुक म्हणून घेत आलो.

१० मार्च

मागच्या पलंगाखाली काम केलं. इथं अँगल लावायची गरज होती का, असं धाकटीनं विचारलं. झोपायची जागा आहे, जपायला नको का?

ती परत आली तेव्हा पहिला महिनाभर घरात राहिलीच नाही. तिची खोली तशीच होती, चादर बदललेली होती, पण ती सरळ डब्यात गेली आणि दार लावून घेतलं. ही रडायची, मी चिडायचो. चिडायला कारण सापडत नव्हतं म्हणून जास्तच चिडायचो. मग रोज सकाळी चहा करून डब्याच्या पायरीवर ठेवायला लागलो. ठेवायचा, दारावर एकदा टिचकी मारायची आणि परत फिरायचं. थोड्या वेळानं रिकामा कप पायरीवर यायचा. तेवढंच आमचं बोलणं. एकदा कपाखाली कागद होता, "साखर कमी घाला." तो कागद वाचून मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. किती दिवसांनी तिनं काहीतरी सांगितलं होतं.

एकतिसाव्या दिवशी ती कप घेऊन स्वतः स्वयंपाकघरात आली. डब्याचे माझ्यावर फार उपकार आहेत.

१२ मार्च

आज ओढून बघायचं होतं. पुढं ढकललं. खालून दगड उडतात, तळाला संरक्षण हवं, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. पूर्ण तळाखाली पोलादी पत्रा लावतो. पूर्वी होता तो कागदासारखा होता.

१६ मार्च

पत्रा लावायला तीन माणसं लागतात. आम्ही दोघं नि खाली घातलेल्या दोन उशा, असं करून लावला.

ही कमरेवर हात ठेवून बघत होती. "अहो, एवढा जाड पत्रा कशाला?"

"दगड उडतात."

"आपण वीस वर्षं फिरलो. किती दगड उडाले?"

"नशीब चांगलं होतं आपलं."

"मग तिचं वाईट आहे का?"

बायकांना सांगाड्यातलं काही कळत नाही, असं मी म्हणणार होतो. पण गेल्या पंधरा दिवसांत धाकटीला माझ्यापेक्षा जास्त कळायला लागलं आहे, तेव्हा उशी सरळ करून पुन्हा खाली शिरलो.

१९ मार्च

धाकटीनं गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट नि रेनकोट आणला. ते घालून बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारून दाखवत होती. "पाणी इथपर्यंत आलं की मी मोजायचं, इथपर्यंत आलं की पळायचं!" ही पोट धरून हसली. मला मागच्या दोन पट्ट्यांची आठवण झाली म्हणून मी उठून अंगणात गेलो.

२२ मार्च

आठही पट्ट्यांना दुहेरी अँगल पूर्ण. चारही कोपऱ्यांना तिरपे टेकू. सगळ्या जोडांवर डांबरी रंग. खालून बघितलं तर डबा आहे की पूल, ओळखू येत नाही. समाधान वाटलं.

वेल्डर घोडे परत न्यायला आला. वाकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काका, हे ओढायचंय की पुरायचंय?"

गमत्या आहे. मी हसण्यावारी नेलं.

२४ मार्च

सविस्तर लिहितो, कारण नोंद ही नोंद असते.

सामान भरलं, डबा गाडीला जोडला. धाकटी गाडी चालवायला बसली, मी शेजारी, ही मागं. गल्लीच्या तोंडाशी जरासा चढ आहे. गाडी तिथं गुरगुरली, थांबली आणि जळका वास आला. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा कशीबशी वर गेली. धाकटीनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "आई, आपण आधी काट्यावर जाऊ."

मोठ्या रस्त्यावर मालगाड्या तोलायचा वजनकाटा आहे. काटेवाला खिडकीतून आकडा ओरडला, "तेराशे वीस!"

डब्याच्या दारावर कारखान्याची पितळी पट्टी आहे. भरल्या सामानासकट जास्तीत जास्त बाराशे किलो. बत्तीस वर्षं मी ती पट्टी पुसतो आहे. धाकटीचं सामान तसं काहीच नाही, दोन पेट्या आणि मोजमापाची यंत्रं. जास्तीचे एकशेवीस किलो माझे आहेत.

चौतीस वर्षं मी लोकांची पार्सलं तोलली. दहा ग्रॅम जास्त भरलं तरी परत पाठवायचो.

"नाकापेक्षा मोती जड," ही मागून हळूच म्हणाली.

काटेवाल्यानं सांगितलं की असं घाटात नेलं तर उतारावर ब्रेक लागणार नाही, डबाच गाडीला ढकलेल. तो सहज बोलला. जे होऊ नये म्हणून महिनाभर गंज खाल्ला, ते मीच बोल्टांनी आवळून बसवलं होतं.

धाकटी रागावली असती तर सोसलं असतं. ती परत येताना एवढंच म्हणाली, "तीसला निघायचंय, बाबा. नाही निघाले तर जागा जाईल." आणि काचेतून बाहेर बघत राहिली. सहा वर्षांपूर्वी परत आली तेव्हा असंच तोंड होतं.

२५ मार्च

सकाळी हिनं चहा पुढ्यात ठेवला आणि न बसता म्हणाली, "एक सांगू? तुम्हाला ती जायला नको आहे."

मी ताडकन उठलो. मला नको आहे? उन्हात उताणं पडून पाठीचे तुकडे कुणी करून घेतले? बोटाचं नख कुणाचं काळं झालं? तिला पाठवायचं नसतं तर डबा कुजू दिला असता, एवढं साधं आहे. मी बरंच बोललो. ही ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "वेल्डर कधी म्हणाला होता, पुरे म्हणून?"

मला आठवेना. म्हणून वही काढली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मागची पानं वाचली.

वेल्डर अठ्ठावीस फेब्रुवारीला पुरे म्हणाला होता. त्यानंतर चार मार्चला धाकटीनं ओढून बघायचं म्हटलं आणि जेवल्यावर मला तडा दिसला. बारा तारीख उजाडली आणि मला दगड आठवले. तिनं बूट घालून दाखवले आणि मला मागच्या पट्ट्या आठवल्या. सगळं माझ्याच अक्षरात आहे. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर भांडलो असतो.

ती गेली की घरात सकाळी तिसरा कप लागणार नाही. हे मी कुठंच लिहिलेलं नाही, पण प्रत्येक पानावर तेच आहे. मी डबा मजबूत करत नव्हतो. जागेवर रोवत होतो. वेल्डरला कळलं, हिला कळलं. मलाच तेवढं कळायचं राहिलं होतं.

बाहेर जाऊन धाकटीला म्हणालो, "काढू या सगळं." ती म्हणाली, "सगळं नको. जे लागतं ते राहू दे." मग म्हणाली, "नट सोडवायचे पाने कुठं आहेत?"

२६ मार्च

वेल्डरकडून घोडे पुन्हा आणले, डबा त्यांच्यावर चढवला आणि पत्रा उतरवला. लावायला चार दिवस लागले होते, पडायला अर्धा तास.

२७ मार्च

डबल नट. प्रत्येक बोल्टाला डबल नट, वर डांबर. कुठल्या मूर्खानं आवळलेत इतके, असं तोंडातून गेलं तेव्हा धाकटी खाली पडल्या पडल्या इतकी हसली की तिच्या तोंडात डांबराचा कपटा गेला. खूप दिवसांनी दोघं मिळून हसलो. दुपारी ही गुडघे दुखत असताना चटई अंथरून खाली आली. "मला पण एक पाना द्या." बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं डब्याचं पोट पाहिलं. तिघंही एका ओळीत उताणे पडून नट फिरवत होतो. शेजारचे कुंपणावरून बघून गेले. त्यांना फक्त सहा पाय दिसले असतील.

२८ मार्च

अँगलच्या सहा जोड्या नि चारही टेकू निघाले. पलंगाखालच्या दोन जोड्या धाकटीनं ठेवायला सांगितल्या. मी म्हणालो, "त्यांची गरज नाही." ती म्हणाली, "माहीत आहे."

२९ मार्च

पुन्हा काट्यावर. चढावर गाडी अडली नाही. काटेवाला ओरडला, "बाराशे दहा!"

दहा किलो जास्त. काटा पाच-पाच किलोनं सरकतो, उगीच घासाघीस करण्यात अर्थ नव्हता. हिनं कबूल केलं की सकाळी तिनं एक रजई आणि चार बरण्या गुपचूप आत सारल्या होत्या. म्हणजे चोर मी एकटाच नव्हतो. ती बरण्या काढायला निघाली तर धाकटीनं तिला थांबवलं. "राहू दे आई, त्या लागतील." आणि बाकाखाली हात घालून तिनं माझी हत्यारांची पेटी ओढून काढली.

ती मी पहाटे ठेवली होती. पाने, पकडी, ड्रिल, बोल्टांच्या डब्या, सगळी लावून. बत्तीस वर्षांत ती पेटी दुसऱ्याच्या हातात मी दिलेली नाही. पंधरा किलो तर असेलच. तिनं ती काटेवाल्याच्या पायरीवर नेऊन ठेवली.

"अगं, बरण्या काढ, ही असू दे," मी म्हणालो. "वाटेत काही निखळलं, तुटलं, तर हत्यार नको?"

"छोटा पाना नि पकड घेतलीय मी."

"तेवढ्यानं काय होतंय? मोठा बोल्ट सुटला तर?"

"तर कुणालातरी विचारीन, बाबा."

"कुणाला विचारशील? ओळखीचं कोण आहे तिथं?"

"कुणी नाही. पण रस्त्यावर माणसं असतात. तेवढं आता मला जमतं."

शेवटचं वाक्य ती खाली बघून बोलली. सहा वर्षांपूर्वी हिच्या आणि माझ्याखेरीज तिला माणूस समोर चालत नव्हता. किराणा आणायला मी जायचो, पत्राला उत्तर मी लिहायचो, दाराची घंटा वाजली की ती डब्यात जायची. आता तीच अनोळखी माणसांना विचारणार आहे. मी महिनाभर पट्ट्या वाजवत बसलो आणि ती कधी ठणठणीत झाली ते माझ्या कानावर आलंच नाही.

काटेवाला ओरडला, "अकराशे पंच्याण्णव! न्या आता!"

पेटी मी मांडीवर घेऊन घरी आलो. खूप जड आहे. इतकी वर्षं जाणवलं नव्हतं.

३० मार्च

सकाळी सातला गेली. चढावर गाडीनं आवाजही केला नाही. वळणावर तिनं हात बाहेर काढला, मी पण काढला, म्हणजे उचलला. ही वळणापर्यंत चालत गेली. मी दाराशीच राहिलो.

अंगणात चार चौकोनी खड्डे आहेत, घोडे रुतले होते तिथं. बुजवायला हवेत. आज नाही.

चहा तीन कप केला. एक हिनं गपचूप ओतून टाकला.

१ एप्रिल

हजर झाली. दोन ओळींचा निरोप आला. नोंद ठेवायला आता काही नाही, तरी वही उघडली.

६ एप्रिल

धाकटीचा फोन. ख्यालीखुशाली झाल्यावर सहज म्हणाली, "बाबा, खालचा एक बोल्ट पडला होता."

"कुठला?"

"पलंगाखालच्या पट्टीचा. खडखड ऐकू आली म्हणून थांबले, खाली शिरून बघितलं. पेट्रोल पंपावर एक ट्रॅक्टरवाला होता, त्याला विचारलं. त्याच्याकडं त्याच मापाचा निघाला. मीच आवळला."

"कधी झालं हे?"

"वाटेतच. झाले की सहा दिवस. सांगायचं राहूनच गेलं."

सहा दिवस! सहा दिवस मी नीट जेवलो, दुपारची झोप काढली, कुंपणाला रंग मारला, आणि तिकडं बोल्ट पडून, मिळून, आवळून झाला होता. वायसर घातलं का, नट एकेरी की दुहेरी, बाकीचे तपासलेस का, तो ट्रॅक्टरवाला कसा होता, एकटीनं जॅक कशाला लावलास, पाचही प्रश्न जिभेच्या टोकावर येऊन बसले. तीही पलीकडं थांबली होती. तिला माहीत होतं ना, ते येणार म्हणून.

मी म्हणालो, "बरं केलंस. नि नदी कशी आहे?"

मग ती बोलायला लागली. पाण्याचा रंग सकाळी वेगळा असतो नि दुपारी वेगळा, पट्टीवर आकडा वाचताना पाणी शांत असावं लागतं, पलीकडच्या काठावर एक म्हातारी रोज येऊन विचारते, आज किती आलं गं? अर्धा तास बोलत होती. सहा वर्षांत तिला एवढं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं.

ही खुणेनं दोनदा फोन मागत होती. मी दिला नाही.